मांगरातली राख : एका पाडीच्या मृत्यूचं प्रकरण

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात, वळीव पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी वर्षभराची पाडी मेली. सकाळी तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही. नऊच्या सुमारास पाठ कमानीसारखी वाकवून दात खायला लागली, मग पाण्यासारखी हगवण, मागचे पाय लटपटू लागले, आणि दिवेलागणीला ती गेली. तिची आई, घरातली एकुलती दुभती गाय, तीही गळाठून बसली होती.

मी चिपळुणात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दादाचा, म्हणजे मोठ्या काकांच्या मुलाचा, रात्री फोन आला. त्याचं निदान आधीच करून झालं होतं. "कोणीतरी विष घातलंन. बांधावरनं वाद चाललाय तो तुला माहीत आहे." कोकणात जनावर मेलं की पहिला संशय भावकीवर जातो, दुसरा फुरशावर, आणि तिसरा शेजारच्या कलमांवर झालेल्या फवारणीवर. या प्रकरणात तिन्ही संशय चुकीचे निघाले.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पशुवैद्यक डॉक्टर शवविच्छेदन करत होते. फुरसं चावलं असतं तर चाव्याच्या जागी सूज आणि न थांबणारा रक्तस्राव दिसला असता, तसं काही नव्हतं. आंबा-काजूवर मारतात त्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी तोंडाला लाळेच्या धारा लागतात, बुबुळाची बाहुली टाचणीएवढी होते, अंगाचे स्नायू थरथरतात. दादाला खोदून खोदून विचारलं, तर यातलंही काही झालं नव्हतं. जे होतं ते पोटात. चौथ्या कोठ्याचं आणि आतड्याचं अस्तर लालभडक, सुजलेलं, जागोजाग सोलवटलेलं. डॉक्टरांनी यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे तपासणीसाठी काढून घेतले. मग गाईजवळ जाऊन तिच्या नाकपुडीवर बोट फिरवून म्हणाले, "हिच्या तोंडाला ही करडी माती कसली?"

ती माती नव्हती. न्हाणीघराच्या मागच्या बाजूला राखेचा खड्डा आहे. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीतली राख काकी रोज तिथे ओतते. वळिवाचं पाणी त्यात साचून करड्या रंगाचं डबकं झालं होतं, आणि काठावर खुरांचे ठसे होते. राखेत पोटॅशचे क्षार असतात, तिला खारट चव असते, आणि मिठाला आसुसलेली गुरं ती चाटतात. आमच्याकडची गाय तर वर्षानुवर्षं चाटत आलेली. मग याच वर्षी काय झालं?

या वर्षी चुलीत जळत होतं ते लाकूड वेगळं होतं.

गेल्या कार्तिकात दादाने मांगराचं, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या खोपीचं, छप्पर नवं केलं. जुन्या रिपांना वाळवी लागली होती. किंजळ किंवा ऐनाचं लाकूड आता परवडत नाही आणि मिळतही नाही. तेवढ्यात एक भंगारवाला ट्रकभर पट्ट्या घेऊन गावात आला. कुठल्याशा कारखान्याचा जुना कूलिंग टॉवर, म्हणजे गरम पाणी थंड करायचा मनोरा, मोडला होता, त्यातलं लाकूड. करडं पडलेलं, वजनाला हलकं, पण कुठे कूज नाही, किडीचं एक भोक नाही. "अरे, इतकी वर्षं दिवसरात्र पाण्याखाली राहून जे कुजलं नाही, त्याला मांगरात काय धाड भरणार होती?" दादाचा हा सवाल बिनतोड होता, आणि खरी गोम त्याच सवालात होती. गरम, ओलसर हवेत बुरशीची चंगळ असते; त्या हवेत लाकूड टिकून राहिलं याचा अर्थ त्याला कोणीतरी टिकवलं होतं.

आणि छपरासाठी कापून उरलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत जात होते. मी एक पट्टी करवतीने कापली. वरचा करडा थर जेमतेम दोन मिलिमीटर, आत फिकट हिरवी झाक. कडेने ओळीने चिरा पाडलेल्या, सुरीच्या टोकाने टोचल्यासारख्या. द्रावण दाबाखाली आत खोलवर शिरावं म्हणून लाकडाला अशा चिरा देतात. हिरवी झाक तांब्याची. आणि ज्या द्रावणाने ती येते, त्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं द्रावण म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीसीए म्हणतात.

याचा शोध आपल्याच देशातला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये ते तयार केलं आणि १९३८ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. 'आस्कू' या नावाने ते विकलं गेलं. विजेचे खांब, कुंपणं, धक्क्यांचे खांब, घरांचे ओटे, मुलांच्या बागेतल्या घसरगुंड्या : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर याचा सुकाळ होता. गंमत म्हणजे ते फार हुशारीचं रसायन आहे, आणि त्याची हुशारी कळल्याशिवाय धोका कुठे आहे ते कळत नाही.

तांबं बुरशी मारतं. तांब्याला दाद न देणाऱ्या काही बुरश्या आणि वाळवी, यांचा समाचार आर्सेनिक घेतं. पण दोघंही पाण्यात विरघळणारे. पहिल्याच पावसाळ्यात धुऊन जायचे. म्हणून तिसरा गडी क्रोमियम. द्रावणात ते सहा संयुजेच्या, म्हणजे घातक आणि अस्वस्थ रूपात असतं. लाकडातल्या लिग्निनशी आणि शर्करांशी गाठ पडली की ते तीन संयुजेच्या शांत रूपात येतं, आणि येताना तांब्याला आणि आर्सेनिकला लाकडाच्या धाग्यांशी जखडून टाकतं. याला हवामानाप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे लागतात. एकदा ते झालं की लाकूड बऱ्यापैकी निरुपद्रवी होतं. पावसाने थोडं झिरपतं, आम्लाने जास्त झिरपतं, ब्लीचिंगच्या द्रावणाने धुतलं तर क्रोमियम पुन्हा घातक रूपात जाऊन सगळी गाठ सैल होते. पण नुसत्या टेकण्याने, हात लावण्याने कोणी तडकाफडकी आजारी पडत नाही. तरी मुलांच्या हातांना लागून रोज थोडं थोडं पोटात जातं, या काळजीने अमेरिकेत ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं थांबलं, आणि युरोपातही २००४ पासून कडक मर्यादा आल्या. त्यापूर्वी बनलेलं लाकूड मात्र आहे तिथेच आहे, आणि ते मोडकळीला येऊन भंगारात निघण्याचा काळ हाच आहे.

क्रोमियमने मारलेली ही गाठ विस्तवापुढे टिकत नाही. लाकूड जळून जातं. मूलद्रव्य जळत नाही. चुलीच्या उष्णतेत आर्सेनिकचा काही भाग ऑक्साइडच्या रूपात उडून धुरात जातो. या ऑक्साइडला आपल्या आजीला ठाऊक असलेलं नाव आहे : सोमल. उरलेलं राखेत साठतं, आणि राखेत ते पाण्यात सहज विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपात असतं. क्रोमियमचाही थोडा भाग जळताना परत सहा संयुजेचा होतो. म्हणजे जे तिघं लाकडात दावणीला बांधलेले होते, ते राखेत मोकाट सुटतात, आणि तेही पन्नास-साठपट हलक्या ढिगात.

हिशेब करून पाहिला. या मिश्रणाच्या सर्वांत रूढ प्रकारात वजनाने ३४ टक्के आर्सेनिक पेंटॉक्साइड असतं. जमिनीत रोवायच्या लाकडासाठी अमेरिकी मानकात घनमीटरला ६.४ किलो मिश्रण सांगितलं आहे. तेवढंच धरलं तर घनमीटरमागे शुद्ध आर्सेनिक होतं १.४ किलो. हलक्या लाकडाचा घनमीटर ५०० किलोचा धरला, तर किलोमागे जवळपास २.८ ग्रॅम. न्हाणीच्या चुलीत एका वेळी दोन किलो लाकूड लागतं : साडेपाच ग्रॅम. त्यातलं निम्मं धुरावाटे गेलं असं समजलं, तरी तीस-चाळीस ग्रॅम राखेत पावणेतीन ग्रॅम आर्सेनिक उरतं. मोठ्या माणसाला सोमलाची जीवघेणी मात्रा ७० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास मानतात. आमच्या पट्ट्या जुन्या, वर्षानुवर्षं पाण्याने धुपलेल्या, त्यामुळे आकडा कमी भरेल हे खरं. पण तो निम्मा करा, पाव करा. चमचाभर राख तरीही भीतीदायकच राहते.

काकीला हा हिशेब सांगितला तेव्हा ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी भांडी कशाने घासत्ये?"

या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसला. धोक्याच्या सूचना जिथे जिथे छापल्या जातात तिथे लिहिलेलं असतं : असं लाकूड जाळू नका. जाळल्यास राख कचऱ्यात टाकू नका. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राख म्हणजे कचरा. आमच्या घरी राख कचरा नसते. चुलीतली चाळलेली राख सोडणाच्या शेंडीने भांड्यांना लागते. कुळीथ आणि पावट्याचं बियाणं किडू नये म्हणून राखेत घोळून मडक्यात भरतात. लाल माठाच्या आणि मुळ्याच्या वाफ्यावर मावा आला की पहाटेच्या दंवात राख भुरभुरतात. माडाच्या आळ्यात पाटीभर राख जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कालपरवापर्यंत राखुंडीने दात घासले. आणि दादाने तर उरलेला ढीग मिरगाआधी तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर, पसरायचा बेत केला होता. म्हणजे पाडीने जे एका घोटात घेतलं, ते घरातली पाचही माणसं मार्गशीर्षापासून थोडं थोडं घेत होती की काय?

हे नुसत्या तर्कावर सोडता येत नव्हतं. राखेची चिमूट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून गाळली, वर अमोनिया घातला. द्रावण गडद निळं झालं. तांबं आहे. बारावीची पोरं हा प्रयोग करतात, आणि बाहेर एवढ्यावर शिक्कामोर्तब करून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. पण आमच्या परसात पोफळीची बाग आहे. कोळेरोगासाठी पावसाळ्यात मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण फवारतात, ते सगळीकडे उडतं. पोफळीच्या विऱ्या जाळल्या तरी राखेत तांबं सापडू शकतं. म्हणून निळ्या रंगावर विश्वास न ठेवता विहिरींच्या पाण्यातलं आर्सेनिक तपासायचा संच मागवला. त्यात जस्त आणि आम्लाच्या मदतीने आर्सेनिकचा वायू होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदी पट्टीवर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग उमटतो. हा वायू अत्यंत विषारी, त्यामुळे चाचणी उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. हा संच लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजण्यासाठी बनवलेला. खड्ड्यातल्या डबक्याचं पाणी जसंच्या तसं घातलं असतं तर काहीच कळलं नसतं. म्हणून कळशीभर पाण्यात त्याचे थेंब टाकून घेतले. तरीही पट्टी तपकिरी झाली. तुलनेसाठी फक्त करवंट्या जाळून केलेली राख वापरली. पट्टी पांढरीच राहिली. आठवड्याने पाडीच्या मूत्रपिंडाचा अहवाल आला, त्यातही आर्सेनिकच.

विहीर घराच्या वरच्या अंगाला आहे, तिचं पाणी स्वच्छ निघालं. खड्ड्याखालच्या जमिनीची मला धास्ती होती, पण तिथे कोकणच्या जांभ्याने हात दिला. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात आणि ती आर्सेनिक धरून ठेवतात. त्यामुळे ते खाली झपाट्याने उतरत नाही. भातखाचरात मात्र उलटा प्रकार. पाणी साचून हवा तुटली की तीच ऑक्साइडं विरघळू लागतात, आर्सेनिक सुटतं, आणि भाताचं रोप ते इतर धान्यांपेक्षा जास्त उचलतं. दादाची राख तरव्यावर पडली असती, तर ती कुठून निघून कुठे पोचली असती हे सांगायला नको.

आता माणसं. वहिनीच्या हातांना हिवाळ्यापासून चिरा पडत होत्या, ते साबणाचं म्हणून सोडून दिलेलं. पट्ट्या कापायच्या दिवसांत दादाच्या नाकातून दोनदा रक्त आलं होतं. क्रोमियम-आर्सेनिकच्या भुशाने नाकाचं अस्तर चिडतं, पण ऊनही होतं. काकीला काहीच नाही. यातलं राखेने किती आणि योगायोगाने किती, हे लक्षणांवरून ठरवता येत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागातल्या एका कुटुंबाची हकीकत आली होती. ते असंच लाकूड घरातल्या शेगडीत जाळत. हिवाळ्यात सगळ्यांचे केस गळत, अंगावर पुरळ येई, स्नायू आखडत, आणि उन्हाळ्यात सगळं आपोआप बरं होई. तिथलं घर थंडीने बंदिस्त. आमची न्हाणी एका अंगाने उघडी, धूर पोफळीत जातो. हा फरक आमच्या पथ्यावर पडला असावा.

डॉक्टरांनी सगळ्यांची लघवी तपासायला सांगितली, आणि सोबत एक अट घातली जिच्यावरून घरात रणकंदन झालं : आधी पाच दिवस मासे बंद. मासळीत, कोळंबीत, कुर्ल्यांत आर्सेनिक असतंच, पण ते कार्बनला बांधलेलं, शरीराला निरुपद्रवी, आल्या वाटेने निघून जाणारं. साधी चाचणी मात्र दोन्ही एकत्र मोजते. बांगडा खाऊन चाचणी केली तर निरोगी माणूसही सोमल प्यायल्यासारखा दिसेल. श्रावण असता तर अडचण आली नसती. मे महिन्यात, मुंबईहून चाकरमानी आलेले, पावसाआधीची शेवटची मासळी बाजारात, आणि काकी सगळ्यांना डाळ-भात आणि फणसाची भाजी वाढत होती. धाकट्या पुतण्याने तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन सुरमई खाल्ली, त्याची चाचणी पुढे ढकलावी लागली. बाकीच्यांत दादा आणि वहिनीचं प्रमाण वाढलेलं निघालं, औषध देण्याइतकं नाही. राख बंद केल्यावर महिन्याभराने ते खाली आलं. आर्सेनिक रक्तातून काही दिवसांत जातं; वाईट असतं ते वर्षानुवर्षं थोडं थोडं घेत राहणं, कारण त्याने त्वचेचा, फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पक्कं ठरलेलं आहे.

गाय वाचली. तिला सलाइन आणि सोडियम थायोसल्फेट दिलं. जुन्या फोटो स्टुडिओंत 'हायपो' म्हणून पोत्याने यायचं तेच. दूध मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत ओतून टाकलं, आणि ते माडाच्या मुळाशी नव्हे.

लाकडाचं काय करायचं यावर माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, सगळं छप्पर उतरवू. मी विरोध केला, आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. रिपांवर कौलं आहेत, पाऊस लागत नाही, कोणाचा हात पोचत नाही. तिथे ते लाकूड जेवढं सुरक्षित आहे तेवढं उतरवून अंगणात रचल्यावर नसेल. कोणीतरी कधीतरी त्यातली एक पट्टी चुलीत घालणारच. रिपा राहिल्या. उरलेल्या पट्ट्यांची दादाने गव्हाण केली होती, ती त्याच दिवशी मोडली, कारण गुरं गव्हाण चाटतात. भाताच्या कणगीखाली घातलेली फळीही काढली. वाशांवरची न्हाणीतली काजळी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसली, फडकी राखेच्या पोत्यात.

राख आधी पाणी शिंपडून ओली केली, नाकातोंडाला बांधून, रबरी हातमोजे घालून भरली. खड्ड्याची वीतभर मातीही सोबत. बियाण्याची मडकी रिकामी करताना काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पावट्याचं ते बियाणं तिच्या सासूपासूनचं होतं. शेवटी माहेरी एका चुलत बहिणीकडे त्याच वाणाचं मूठभर मिळालं.

सगळं मिळून दोन पिंपं भरली. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, पनवेलजवळ तळोज्याला अशा कचऱ्याची शास्त्रशुद्ध भर घालण्याची सोयही आहे. पण ती व्यवस्था कारखान्याचा कचरा कारखान्याच्या दारातून उचलण्यासाठी बांधलेली. तोच कचरा भंगार म्हणून विकला गेला, गावात आला आणि एका न्हाणीत जळला, की तो कोणाच्याच वहीत राहत नाही. मी तीन कार्यालयांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात कारखान्याचा नोंदणी क्रमांक विचारला होता.

पिंपं मांगरातच आहेत, जोत्यावर, झाकणं पक्की करून. काकीने त्यांवर काय लिहायचं म्हणून विचारलं. 'आर्सेनिक' लिहून गावात कोणाला कळणार नव्हतं. तिनेच कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं : सोमल.

भंगारवाला त्या कार्तिकात आमच्याकडून पुढे खाडीच्या दिशेने गेला होता. ट्रक आमच्या दारात अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता, असं दादा सांगतो. आतापर्यंत वाडीतली दोन घरं सापडली. एकात त्या पट्ट्यांचा कोंबड्यांचा खुराडा आहे. दुसऱ्यात त्या गणपतीच्या मखरासाठी जपून ठेवल्या आहेत, आणि तासून निघालेल्या ढलप्या पाणी तापवायला काढून ठेवल्या होत्या.